वारा खाणारी माणसं

"हा पुढचा जिंकणार ना?" आईने विचारलं.

मी लॅपटॉपवर टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल रेसची एक स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, लावून बसलो होतो, स्टेज संपायला अजून 140 किलोमीटर बाकी होते, आणि त्या दीडेकशे सायकलवाल्यांच्या झुंडीच्या सगळ्यात पुढे एक धिप्पाड गडी मान खाली घालून एका लयीत पेडल मारत होता, गेला तासभर तोच एकटा.

"नाही गं, हा एकशे चाळिसावा वगैरे येईल."

"मग एवढा पुढे कशाला मरतोय?"

"ती त्याची नोकरी आहे."

"पगार असतो?"

"असतो."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि गेली. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो, कारण खरं सांगायचं तर मी स्वतः कित्येक वर्षं ही रेस फक्त शेवटचे दहा किलोमीटर बघायचो. डोंगरावरची मारामारी बघायची, कोण जिंकला ते बघायचं आणि बंद करायचं. त्याआधीचे चार-पाच तास म्हणजे सूर्यफुलांची शेतं, जुने किल्ले, हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या नद्या आणि कॉमेंटेटरच्या गप्पा, यात बघण्यासारखं काय आहे असं वाटायचं. खरी रेस तिथेच चाललेली असते हे कळायला मला फार उशीर लागला.

आपल्याकडे "वारा खायला जातो" म्हणजे माणूस निवांत फिरायला निघालाय असा अर्थ होतो. रोड सायकलिंगमध्ये बरोब्बर उलटं. तिथे वारा खाणं हे कामाचं नाव आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर वेग गेला की तुमची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि ती हवा तुमच्यासाठी दुसऱ्या कुणी आधीच फोडून ठेवली तर तुमचं काम कितीतरी हलकं होतं. 2018 साली बेर्ट ब्लोकन नावाच्या एरोडायनॅमिक्सच्या प्राध्यापकाच्या टीमने विंड टनेल आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरून 121 सायकलस्वारांच्या झुंडीचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की झुंडीच्या पोटात नीट लपलेल्या माणसाला एकट्याने जाताना लागेल त्याच्या फक्त पाच ते दहा टक्के हवेचा विरोध लागतो. पाच ते दहा! म्हणजे पुढचा घामाघूम आणि आतला जवळजवळ फुकट चाललाय. या एका गोष्टीवर हा सगळा धंदा उभा आहे. ज्याला शेवटी जिंकायचंय त्याला पाच तास फुकट न्यायचं, आणि त्याचं भाडं टीममधल्या बाकीच्या सात जणांनी भरायचं.

याचा एक छोटा अनुभव मी घेतलाय. एकदा माझ्यापेक्षा बऱ्याच तगड्या एका ओळखीच्या माणसाच्या मागच्या चाकाला चिकटून अर्धा तास गेलो. कानातला वाऱ्याचा आवाज कुणी बटण दाबून बंद करावा तसा गेला, पाय आपोआप फिरायला लागले, आणि मला वाटलं अरे मी तर भारीच सायकल चालवतो. मग त्याने कोपर हलवलं. हा जगभरचा इशारा आहे, की मी बाजूला होतो, आता तू ये पुढे. मी गेलो पुढे. एक मिनिटसुद्धा टिकलो नसेन, तोंडात रक्ताची चव यायला लागली. तो मागून काही बोलला नाही, नुसता परत पुढे आला. तेव्हापासून टीव्हीवर कुणी कोपर हलवलं की माझ्या पोटात कसंतरी होतं.

या कामाला फ्रेंचमध्ये दोमेस्तीक म्हणतात. म्हणजे शब्दशः घरगडी. आणि हा शब्द काही कौतुकाने आलेला नाही, शिवी म्हणून आलाय. 1911 च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको नावाच्या रायडरची स्वतःची जिंकायची आशा संपली होती, तेव्हा त्याने दुसऱ्यांना मदत करून चार पैसे मिळवावेत असं ठरवलं. रेसचा संचालक आँरी देग्राँज याला हे अजिबात पटलं नाही, त्याच्या डोक्यात टूर म्हणजे एकेका माणसाची लढाई, त्याने ब्रोकोला घरगडी म्हणून हिणवलं. ब्रोको भडकला आणि दुसऱ्या दिवशी डोंगरातली स्टेज सगळ्यांना मागे टाकून जिंकून दाखवली. तरी देग्राँजने त्याला बाहेर काढलंच! आता शंभरावर वर्षं होऊन गेली, देग्राँज गेला, त्याची ती एकेकट्याची लढाई पण गेली, आणि शिवी तेवढी शिल्लक राहिली, ती पण हुद्दा म्हणून. इटालियनमध्ये याच माणसाला ग्रेगारिओ म्हणतात, कळपातला. तो शब्द मला जास्त आवडतो, त्यात निदान बरोबर कुणीतरी आहे.

तर या घरगड्याचा दिवस कसा जातो? सकाळी टीम बसमध्ये मीटिंग, कुणी कुठल्या किलोमीटरला काय करायचं ते ठरलेलं. मग रेस सुरू झाली की पहिले तास-दीड तास मारामारी, कुणाला पळून जाऊ द्यायचं आणि कुणाला नाही याची. पळालेली टोळी ठरली की वारा खाणाऱ्याची पाळी, त्याने पुढे यायचं आणि पळालेल्यांचं अंतर तीन मिनिटांच्या आत बांधून ठेवायचं, फार जवळही आणायचं नाही कारण मग दुसरे कुणी पळतात. बेल्जियमचा टिम डेक्लर्क हे काम इतकी वर्षं इतकं निमूट करायचा की त्याचं नावच ट्रॅक्टर पडलं. आता रिटायर झालाय. त्याला मी शंभर वेळा तरी पाहिला असेन आणि जवळजवळ प्रत्येक वेळी फिनिश लाइनच्या फोटोत तो नव्हता.

मग बाटल्या. टीमची गाडी झुंडीच्या मागे असते, तिथपर्यंत मागे जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीच्या पाठीत, मानेजवळ, जिथे मावेल तिथे कोंबायच्या, आणि कुबड आलेल्या उंटासारखं दीडशे माणसांच्या मधून वाट काढत परत पुढे जाऊन एकेकाला वाटायच्या. उन्हाळ्यात बायकांच्या पायमोज्यांमध्ये बर्फ भरून त्याच्या पुरचुंड्या देतात, मानेवर ठेवायला. लीडरला लघवी लागली तर दोघातिघांनी थांबायचं आणि त्याला परत आणून सोडायचं. त्याचं चाक पंक्चर झालं आणि गाडी लांब असली तर आपलं चाक काढून द्यायचं. कधी अख्खी सायकल द्यायची आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.

इथे फ्रान्सच्या रने व्हिएतो या रायडरचा फोटो आठवतोच. 1934. वीस वर्षांचं पोर, पहिलीच टूर, पठ्ठ्या डोंगरात भल्याभल्यांना ऐकत नव्हता. पिरेनीजमध्ये त्याचा लीडर आंतोनँ मान्य पडला, चाक मोडलं, व्हिएतोने आपलं चाक काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून राहिला. वेळ चाललाय, गाडी येत नाहीये, पोरगं रडतंय. तो फोटो फ्रान्सभर झाला. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि या वेळी तर व्हिएतो पुढे होता, तो आल्या रस्त्याने उलटा मागे गेला आणि मान्यला आपली सायकल दिली. मान्य ती टूर जिंकला. व्हिएतो पाचवा. पुढे युद्ध झालं, मधली वर्षं गेली, 1947 मध्ये व्हिएतो बरेच दिवस पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याची, घालून होता आणि शेवटाकडे 139 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, जिथे प्रत्येक जण एकटा घड्याळाशी लढतो, ती गेली. परत पाचवा. टूर त्याने कधीच जिंकली नाही.

ही गोष्ट जिथे जिथे सांगतात तिथे "त्याग" हा शब्द येतोच. आणि मला आता त्या शब्दाचा थोडा कंटाळा यायला लागलाय. आपल्याला त्याग फार आवडतो, म्हणजे दुसऱ्याचा. त्या पोराला कुणी विचारलं होतं का? त्या काळी देशाच्या नावाने टीम असायची, लीडर ठरलेला असायचा, चाक द्यायचं म्हणजे द्यायचं. तो रडत होता ते लोकांना उदात्त वाटलं, मला वाटतं पोरगं सरळ चिडलं होतं, आणि चिडायला त्याच्याकडे कारण होतं. आईने बरोबर प्रश्न विचारला होता. पगार असतो का?

तर असतो, पण त्याची गंमत वेगळी. वरच्या पातळीला, ज्याला वर्ल्डटूर म्हणतात, तिथे पुरुषांच्या 18 टीम. प्रत्येकीत साधारण तीस जण. नवीन पोराला पहिलं कॉन्ट्रॅक्ट सहसा दोन वर्षांचं मिळतं, नंतर एक किंवा दोन. म्हणजे पाय कायम एक-दोन वर्षांच्या भाड्याने दिलेले. 1 ऑगस्टपासून टीम बदलायच्या घोषणा करायला परवानगी असते, आणि त्या सुमारास रेस बघितली की ज्याच्याकडे पुढच्या वर्षाचा कागद नाही तो ओळखू येतो, तो नको तिथून नको तेव्हा पळून बघतो. माणूस किती मोठा आहे यानेही फार फरक पडत नाही. मार्क कॅव्हेंडिश टूरच्या 30 स्टेज जिंकून बसलेला, 2020 च्या शेवटी एका रेसनंतर कॅमेऱ्यासमोर रडत म्हणाला की कदाचित ही माझी शेवटची रेस असेल, कारण कुणी घेत नव्हतं. पुढच्या वर्षी कशीबशी जागा मिळाली तर चार स्टेज जिंकला, बेल्जियमचा जुना दिग्गज एडी मर्क्स याच्या 34 च्या विक्रमाची बरोबरी केली, आणि 2024 मध्ये 35 वी. त्याच्यासाठी गोष्ट सुटली. ज्याच्या नावावर एकही विजय नाही त्याने काय दाखवायचं? मी किती वारा खाल्ला हे निकालपत्रकात कुठे लिहितात?

बायकांचं तर बोलायलाच नको, किंवा खरं तर बोलायलाच हवं. वरच्या पातळीच्या महिला टीमना किमान पगाराचा नियम 2020 मध्ये लागू झाला, वर्षाला 15 हजार युरोपासून. त्याआधी कितीतरी जणी दुसरी नोकरी करून रेस करायच्या. 2021 ला पहिल्यांदाच बायकांची पॅरिस-रुबे झाली, दगडगोट्यांच्या रस्त्यांवरची, लिझी डाइग्नन एकटी पुढे आली, हँडलच्या टेपला तिच्या हाताचं रक्त लागलेलं, आणि तिला बक्षीस 1,535 युरो. पुरुषांना 30 हजार. तेच रक्त, तेच दगड. नंतर गोष्टी सुधारल्या, पण हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

पुरुषांची टूर जिंकणाऱ्याला 5 लाख युरो मिळतात आणि यात एक जुनी चांगली रीत आहे की ते पैसे तो स्वतः ठेवत नाही, टीमच्या सगळ्या रायडर्समध्ये आणि मेकॅनिक, मालिशवाले यांच्यात वाटले जातात. लीडरला त्याच्या नावाचं मोल पगारात मिळतंच.

शरीराचं काय होतं ते सांगायला एक वेगळा लेख लागेल. वर्षाला 30 हजार किलोमीटरच्या आसपास सायकल, पण पायांवर आदळआपट नाही आणि वजन सतत कमी ठेवायचं, त्यामुळे तिशीतल्या माणसाची हाडं ठिसूळ झालेली सापडतात. पाय लोखंडाचे आणि हाडं काडीची. कॉलरबोन मोडणं तर हजेरीपटावरची गोष्ट. शिवाय रोज एक तास आपण नक्की कुठे असू हे डोपिंगवाल्यांना आधी कळवून ठेवायचं, बारा महिन्यांत तीनदा चुकलात तर बंदी येऊ शकते. सुट्टीतसुद्धा. या खेळाने त्याच्या भूतकाळात जे दिवे लावलेत ते बघता हे होणारच होतं, माझी तक्रार नाही, पण विचार करून बघा.

आणि कधीकधी माणूस घरी परत येत नाही. स्वित्झर्लंडचा जिनो मेडर. 2021 च्या व्हुएल्टामध्ये, म्हणजे स्पेनच्या मोठ्या रेसमध्ये, त्याने ठरवलं होतं की प्रत्येक स्टेजमध्ये आपल्या मागे जितके रायडर येतील तितके युरो पर्यावरणाच्या कामाला द्यायचे. म्हणजे तो पन्नासावा आला काय आणि सत्तरावा आला काय, प्रत्येक नंबरला किंमत आली. निकालपत्रक असं वाचायचं मला कधी सुचलं नव्हतं. 2023 च्या जूनमध्ये टूर द स्वीसमध्ये अल्बुला घाट उतरताना तो दरीत गेला, दुसऱ्या दिवशी गेला. 26 वर्षांचा. त्यानंतर काही महिने मी उतारावरचं प्रक्षेपण बघायचोच नाही, उठून पाणी प्यायला जायचो.

पण मी हे सगळं असं लिहितोय की वाटावं बिचारे. तसं नाहीये. मला यांच्यात सगळ्यात आवडते ती मागची टोळी, ग्रुपेतो. डोंगराच्या दिवशी ज्यांचं काम झालंय ते आणि जे चढायला जड आहेत ते, सगळ्या टीमचे, एकत्र होतात आणि एका आकड्यामागे लागतात, वेळेची मर्यादा. विजेत्याच्या वेळेवर अमुक टक्के, त्याच्या आत आलात तर उद्या रेसमध्ये, नाहीतर बॅग भरा. यात एखादा म्हातारा असतो ज्याला सगळा हिशोब तोंडपाठ. ऑस्ट्रियाचा बर्नहार्ड आयझल यात वस्ताद होता, कॅव्हेंडिशला त्याने कितीदा वेळेच्या आत ओढून आणलंय. चढावर कुणाला तोडायचं नाही, उतारावर जीव खाऊन वेळ भरून काढायची, सपाटीवर पाळीपाळीने वारा खायचा. दिवसभर एकमेकांच्या जिवावर उठलेले लोक इथे एकमेकांना बिस्किटं देतात. 2011 च्या टूरमध्ये तर गालिबिये आणि आल्प द्युएझ या चढांवर लागोपाठ दोन दिवस ऐंशीच्या वर लोक मर्यादेबाहेर आले, आणि पंचांनी सगळ्यांना ठेवून घेतलं, करणार काय, अर्धी रेस घरी पाठवायची? संघटनेत शक्ती म्हणतात ती ही.

बेल्जियमचा विम व्हान्सेव्हेनांट 2006, 2007 आणि 2008, सलग तीन वर्षं टूरमध्ये शेवटचा आला. शेवटच्याला लाल कंदील म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असतो तो. ऐकायला विनोद वाटतो, पण तीनदा शेवटचा यायला तीनदा रेस पुरी करून पॅरिसला पोचावं लागतं, आणि ते दरवर्षी कितीतरी जणांना जमत नाही. रिटायर झाल्यावर तो शेतीकडे वळला. त्याचा मुलगा मौरी आता प्रो रायडर आहे, आणि बापापेक्षा बराच पुढे असतो!

घरगड्याला कधी चुकून गादी मिळाली तर काय होतं याच्या पण गोष्टी आहेत. 1952 च्या टूरमध्ये इटलीचा मोठा लीडर फाउस्तो कोप्पी याचा ग्रेगारिओ आंद्रेआ करेआ पळालेल्या टोळीवर नजर ठेवायला म्हणून तिच्याबरोबर गेला, आणि लोझानला पोचल्यावर कळलं की पिवळी जर्सी याच्याकडे आली. तो रडायला लागला. आनंदाने नाही, भीतीने, की मालकाला काय वाटेल. कोप्पी काही रागावला नाही, दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझला त्याने जर्सी स्वतःकडे घेतली आणि करेआ सुटला. 2023 मध्ये अमेरिकेच्या सेप कुसचं असंच झालं, त्या वर्षी त्याने आपल्या टीमच्या रॉग्लिचला इटलीची जिरो जिंकून दिली, विंगेगोला टूर, आणि व्हुएल्टामध्ये सहाव्या दिवशी टोळीबरोबर पळाला तो पुढेच राहिला. मग आंग्लिरूच्या भयानक चढावर त्याचेच दोन लीडर, ज्यांच्यासाठी तो वर्षभर राबला, त्याला मागे सोडून निघून गेले. त्याच्याकडे फक्त आठ सेकंदांची आघाडी उरली. मी त्या दिवशी लॅपटॉपला शिव्या घातल्या. जगभरात एवढी ओरड झाली की दुसऱ्या दिवसापासून दोघं त्याच्यासाठी काम करायला लागले आणि कुस जिंकला. पण करेआ 1952 मध्ये घाबरला होता ते उगीच नाही, हे मला त्या आंग्लिरूवर कळलं.

माझा आवडता मात्र मॅथ्यू हेमन. ऑस्ट्रेलियाचा, अख्खं करिअर दुसऱ्यांसाठी. 2016 च्या फेब्रुवारीअखेर एका रेसमध्ये पडून हात मोडला, पॅरिस-रुबेला जेमतेम सहा आठवडे. डॉक्टरांनी सीझनचा हा भाग विसर म्हणून सांगितलेलं. त्याने गॅरेजमध्ये होम ट्रेनर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायचं यंत्र, लावला आणि प्लास्टरमधला हात टेकवून नुसते पाय फिरवत राहिला. रुबेला तो पंधराव्यांदा उतरला, 37 वर्षांचा, सुरुवातीच्या टोळीत पळाला, जे घरगड्याचंच काम, की पुढे जाऊन थांब, आपले लोक मागून येतील. मागून आले ते टॉम बोनन वगैरे, बोननला पाचव्यांदा जिंकून विक्रम करायचा होता. सगळ्यांना वाटलं हेमन आता सुटेल. सुटला, परत आला. परत सुटला, परत आला. रेस संपते त्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या ट्रॅकवर, पाच जण शिरले आणि शेवटच्या वळणानंतर बोननच्या पुढे हेमन. लाइन ओलांडल्यावरचा त्याचा चेहरा बघा कधी, दुसऱ्याचं पार्सल आपल्या नावाने आल्यासारखा.

2019 च्या जानेवारीत तो थांबला. आता टीमच्या गाडीत बसतो, रेडिओवर पोरांना सांगतो की चारशे मीटरवर उजवं वळण आहे, वारा डावीकडून येईल, कुणीतरी मागे येऊन बाटल्या घेऊन जा.

परवा स्टेज संपल्यावर आई परत आली. विजेत्याची मुलाखत चालू होती. "तो मघाचा धिप्पाड कुठाय?" मी निकाल उघडला, शेवटून वर वाचायला सुरुवात केली. सापडला. एकशे छत्तिसावा, पंचवीस मिनिटं मागे. आईला नंबर सांगितला तर म्हणाली, "चार नंबर वर आला की तुझ्यापेक्षा."